केबल बदलून उपयोग नाही : बंद हार्डवेअर मानकं आणि मुक्त सॉफ्टवेअर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली, टाकून देणं, अडून बसलेला प्रिंटर चालू करणं, ही कामं मी हौसेनं करतो. त्यात तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांची सुरुवात "माझ्या मशीनमध्ये काय बिघडलंय?" अशी असते आणि बहुतेकांचं उत्तर "काहीच नाही" हे असतं. दर वेळी तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटपली आहेत.

टीव्ही ४के, १२० हर्ट्झचा. ग्राफिक्स कार्ड एएमडीचं, नवंकोरं. विंडोजवर १२० मिळतात, लिनक्सवर पूर्ण रंगांत ६०च्या वर जात नाही. केबल खराब असेल का?

नाही. केबल चांगली आहे, टीव्ही चांगला आहे, कार्डही चांगलं आहे. लोक दोन केबली बदलून झाल्यावर विचारतात, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला.

४के चित्र सेकंदाला १२० वेळा पूर्ण रंगांत पाठवायचं तर टीव्हीला चित्र नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीच्या २.० आवृत्तीची सेकंदाला १८ गिगाबिटची वाट अरुंद पडते. नोव्हेंबर २०१७मध्ये आलेल्या २.१ आवृत्तीनं ती ४८ गिगाबिटपर्यंत रुंद केली. त्यासाठी तारेतून माहिती पाठवण्याची पद्धतच बदलली. ही नवी पद्धत तुमच्या कार्डाच्या चिपमध्ये आहे, तिचे पैसे तुम्ही भरलेले आहेत. पण ती चालू कशी करायची, टीव्हीशी आधी काय बोलणी करायची, हे चिपला ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम, सांगतो. एएमडीचा विंडोजचा ड्रायव्हर बंद आहे, म्हणजे त्याचा कोड बाहेरच्यांना वाचता येत नाही, त्यात ते लिहिलेलं आहे. लिनक्सचा ड्रायव्हर कोणालाही वाचता येतो, त्यामुळे त्यात ते लिहायला मनाई आहे.

मनाई कोणाची?

एचडीएमआय फोरमची. हिताची, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी २००२मध्ये एचडीएमआय आणलं. २.० पासूनच्या आवृत्त्या २०११मध्ये स्थापन झालेला हा फोरम ठरवतो. २.१ चं स्पेसिफिकेशन, म्हणजे तारेवरून काय, कधी, कोणत्या क्रमानं जायचं याचा बारीक तपशील, परवाना घेणाऱ्यांनाच मिळतो. मिळाला की तो चार भिंतींच्या आत ठेवायचा, अशी अट असते.

एएमडीनं आडवाटेनं काही केलं नाही. त्यांच्या लिनक्स विभागानं कंपनीच्या वकिलांबरोबर बसून कोणता भाग उघड्या ड्रायव्हरमध्ये घालता येईल हे तपासलं, काम करणारा कोड तयार करून ठेवला आणि फोरमकडे परवानगी मागितली. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांच्याच अभियंत्यानं जाहीर करून टाकलं की फोरमनं प्रस्ताव फेटाळला आहे. फोरमच्या अटी न मोडता २.१ चा मुक्त ड्रायव्हर सध्या शक्य नाही, असं त्यानं सांगितलं.

कोणी म्हणेल, आचारी आपला मसाला सांगत नाही, तसंच हे. पण इथे मसाला कोणी मागितलेलाच नाही. ताट कोणत्या बाजूनं वाढायचं एवढंच विचारलं होतं, आणि तेही गुपित ठरलं.

चित्रपटांची चोरी होऊ नये म्हणून असेल ना?

चोरी रोखायचं काम एचडीसीपी नावाच्या वेगळ्या कुलपाकडे आहे. त्याची मुख्य किल्ली २०१०मध्ये इंटरनेटवर उघडी पडली आणि ती खरी असल्याचं ते कुलूप बनवणाऱ्या इंटेलनंही मान्य केलं. तुम्हाला १२० हर्ट्झवर आपलाच डेस्कटॉप बघायचा असेल, तर त्या कुलपाला हात लावायचीही गरज नाही.

मग एनव्हिडियाच्या कार्डावर लिनक्समध्ये १२० कसे मिळतात? त्यांनीही मे २०२२मध्ये ड्रायव्हर खुला केला होता.

खुला केला तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बसणारा भाग. बरंचसं गुपित त्यांनी कार्डावरच्या एका छोट्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हलवलं. ते फर्मवेअर बंद आहे, कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय चालत नाही. म्हणजे फोरमचा नियमही पाळला आणि ड्रायव्हर खुला असल्याचं समाधानही मिळालं. इंटेलनं काही आर्क ग्राफिक्स कार्डांवर तिसरीच वाट काढली: आतून डिस्प्लेपोर्ट (चित्र नेणारी दुसरी जोडणी) बाहेर काढायचा आणि कार्डावरच बसवलेल्या एका रूपांतर करणाऱ्या चिपकडून त्याचं एचडीएमआय करून घ्यायचं.

मला काळजी वाटते ती याची. बंद मानकांमुळे मुक्त सॉफ्टवेअर एका रात्रीत बंद पडत नाही. आतलं शहाणपण हळूहळू ड्रायव्हरमधून चिपमध्ये सरकतं आणि उघडा ड्रायव्हर निरोप्या होतो. कोड वाचायला मिळतो. वाचून कळतं एवढंच, की पलीकडे कोणाला तरी निरोप गेला.

सध्या मी काय करू?

मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्टची तार लावा आणि विषय संपवा. टीव्हीला बहुधा डिस्प्लेपोर्ट नसतोच. तिथे डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय २.१ करणारा सक्रिय अडॅप्टर घ्यावा लागतो. बऱ्याच जणांचं त्यानं भागतं, पण बदलत्या रिफ्रेश दराला (चित्र बदलण्याचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त होण्याला) तो हमखास साथ देईल असं नाही. परत घेण्याची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्या.

मानक म्हटलं की ते सगळ्यांसाठीच असतं. मग 'बंद मानक' हा काय प्रकार?

शब्दाला शब्द भिडवला तर तुमचं बरोबर आहे. पण व्यवहारात मानकाला चार ठिकाणी कुलूप लावता येतं.

पहिलं पैशाचं. एचडीएमआयचा परवाना घेणाऱ्या मोठ्या उत्पादकाला वर्षाला १०,००० डॉलर आणि वर नगामागे काही सेंट मोजावे लागतात. कंपनीला हे जड नाही. पण सुट्टीच्या दिवशी घरी बसून ड्रायव्हर लिहिणारा माणूस हे कुठून देणार? तरीही पैशाचं कुलूप सगळ्यांत हलकं, कारण वर्गणी काढता येते. दुसरं पेटंटचं. कागद वाचायला मोकळा, पण त्याप्रमाणे काही बनवलंत की परवाना घ्या. तिसरं मौनाचं: वाचा, बनवा, पण कोणाला सांगू नका. चौथं सहीचं: चिप फक्त एका विशिष्ट किल्लीनं सही केलेला कोड चालवते, मग तुम्हाला कितीही माहिती असो.

मुक्त सॉफ्टवेअरचं खरं वैर तिसऱ्या आणि चौथ्याशी आहे. मौनाची अट पाळून खुला कोड लिहिता येत नाही, कारण कोड हीच माहिती असते. सही असलेल्या चिपवर कोड लिहिता येतो, पण चालवता येत नाही.

यूएसबी याच्या उलट. त्याचं स्पेसिफिकेशन कोणीही उतरवून घेऊ शकतो. स्वतःचं उत्पादन बाजारात आणताना ओळख क्रमांकासाठी पैसे पडतात, ड्रायव्हर लिहायला नाही. म्हणून कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह लिनक्सला लावताना तुम्हाला कधी विचार करावा लागत नाही.

मुक्त म्हणजे फुकटच ना?

नव्हे. चालवण्याची, वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक म्हणजे मुक्त. पैसे घेऊनही ते विकता येतं.

आणि गंमत बघा, या चळवळीचं मूळही एका हार्डवेअरमध्येच आहे. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना संदेश जावा, अशी सुधारणा तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. आधीच्या प्रिंटरवर त्यांनी तसं केलंही होतं. नव्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ कोड, एका विद्यापीठातल्या माणसाकडे होता. त्यानं दिला नाही, कारण त्यानं कोणाला न देण्याच्या करारावर सही केली होती. १९८३च्या सप्टेंबरात मुक्त प्रणाली बनवण्याच्या त्यांच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा झाली, त्यामागे हा अनुभव होता. चाळीसहून अधिक वर्षं झाली, प्रिंटरच्या जागी टीव्ही आला, करार तोच.

कंपनीनं तयार ड्रायव्हर दिला की झालं. तो खुला असलाच पाहिजे हा हट्ट कशाला?

हट्ट नाही, अनुभव. झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाच्या टेबलावर, सेवा केंद्रात कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेसर प्रिंटर तुम्ही पाहिला असेल. मजबूत यंत्र आहे, वर्षानुवर्षं चालतं. पण ते कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतं आणि त्या भाषेचं व्याकरण जाहीर नाही. पानाचं चित्र संगणकानं तयार करायचं, दाबून बारीक करायचं आणि त्या भाषेत पाठवायचं. कॅननचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर आहे, पण त्याचा कळीचा भाग तयार बायनरी, म्हणजे फक्त यंत्राला कळणारा कोड, आहे, तोही इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरपुरता. ६४ बिटच्या लिनक्सवरसुद्धा तो ३२ बिटच्या जुन्या लायब्ररी मागतो. रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक घेऊन प्रिंट सर्व्हर करायचा म्हटलं की संपलं. एआरएम प्रोसेसरसाठी तो बायनरी नाही, आणि सोर्स नसल्यामुळे कोणी तो बनवूही शकत नाही. काही स्वयंसेवकांनी तारेवरची बोलणी ऐकून स्वतंत्र ड्रायव्हर लिहिला आहे. कौतुक करावं तितकं थोडं, पण जे काम एका कागदानं झालं असतं त्यासाठी त्यांनी केवढी रात्र जागवली!

एचपीच्या लेसरजेट १०२० सारख्या प्रिंटरचं वेगळंच. चालू केला की तो रिकाम्या डोक्यानं उठतो. दर वेळी संगणकाकडून त्याला फर्मवेअर पाजावं लागतं. एचपीचा लिनक्स ड्रायव्हर खुला आहे, पण हा घोट वेगळ्या बंद प्लगइनमधून येतो.

बायनरी ड्रायव्हर म्हणजे शिजवून डब्यात भरलेला भात. आजच्या आज उत्तम. कर्नल बदलला, प्रोसेसर बदलला, कंपनीचं लक्ष पुढच्या मॉडेलकडे गेलं की आंबतो. यंत्र मात्र ठणठणीत असतं. विंडोजवाल्यांनाही हे नवं नाही: नव्या आवृत्तीवर न चालणारे किती स्कॅनर माळ्यावर पडलेत ते आठवा.

नव्या प्रिंटरांत मात्र परिस्थिती खूप सुधारली आहे. आयपीपी एव्हरीव्हेअर या खुल्या मानकाचा किंवा ॲपलच्या एअरप्रिंटचा उल्लेख असेल, तर वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.

पूर्वीही असंच होतं का?

वाईट होतं. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी आणलं, त्यानंतरच्या डायल-अपच्या काळात संगणकात आत बसणारा मोडेम स्वस्त मिळायचा. स्वस्त कारण तो अर्धाच मोडेम असायचा. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करण्याचं काम विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर टाकलेलं असे. नावच विनमोडेम. लिनक्स टाकला की तो फोनच्या वायरीला लटकवलेला शोभेचा पत्रा. बाहेर ठेवायचा सिरियल मोडेम महाग, पण त्याच्या आज्ञा सगळ्यांना माहीत, म्हणून तो कुठेही चालायचा. पुढे वायफायच्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये फसवून चालवणारं एनडिसरॅपर आलं. ते चाललं की घरात पेढे वाटावेत असं वाटायचं.

रिव्हर्स इंजिनिअरिंग करून, म्हणजे तयार वस्तू उलगडून, शोधून काढता येतं ना? मग अडतं कुठे?

येतं, आणि मुक्त सॉफ्टवेअरचा मोठा भाग त्यावरच उभा आहे. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपचं उदाहरण घ्या. एका गटानं कंपनीचा ड्रायव्हर उलगडून साध्या भाषेत टिपणं लिहिली. दुसऱ्या गटानं मूळ ड्रायव्हर न बघता फक्त त्या टिपणांवरून नवा लिहिला. दोन गटांत भिंत ठेवायची ती नकलेचा आरोप होऊ नये म्हणून. तो ड्रायव्हर २००६मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आला. सप्टेंबर २०१०मध्ये ब्रॉडकॉमनं नव्या चिपांसाठी स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला.

अडतं ते सहीच्या कुलपापाशी. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर असाच शोधून शोधून लिहिला गेला. २०१४च्या गीफोर्स ९०० मालिकेपासून कार्ड कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर घेऊ लागलं. वेग वाढवायची किल्ली त्या फर्मवेअरकडे. त्यामुळे नूव्होवर ही कार्डं सुरू व्हायची, पण सुरू होतानाच्या मंद वेगावरच राहायची. जणू गाडी पहिल्या गिअरमध्ये वेल्डिंग केलेली. ज्ञान होतं, हात होते, सही नव्हती. नव्या कार्डांवर एनव्हिडियाच्या त्या बंद फर्मवेअरलाच काम सांगून नूव्हो आता वेग मिळवतो.

शिवाय खटल्याची भीती. नॉर्वेतल्या जॉन लेक योहानसेन यानं पंधराव्या वर्षी, १९९९मध्ये, डीव्हीडीचं कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम इतर दोघांबरोबर काढला. तेव्हा लिनक्सवर स्वतः विकत घेतलेली डीव्हीडीही बघता येत नव्हती. त्याच्यावर फौजदारी खटला चालला. जानेवारी २००३मध्ये तो निर्दोष सुटला, सरकारनं अपील केलं, डिसेंबरात पुन्हा सुटला. निकाल चांगला लागला. पण पंधराव्या वर्षी केलेल्या कामासाठी विसाव्या वर्षापर्यंत हे डोक्यावर राहिलं.

भारतात असं उलगडणं गुन्हा आहे का?

मी वकील नाही, पण कायद्याचं कलम वाचता येतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट सवलत आहे: तुमच्याकडे प्रोग्रॅम कायदेशीर असेल, आणि तुमचा स्वतंत्र प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी जे करावं लागेल ते करता येतं. २०१२च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. ते कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं तोडलं तर. अमेरिकेचा १९९८चा डीएमसीए कायदा याहून बराच कडक आहे.

ही दोन कलमं आपल्याकडे कोणी फारशी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. ओपन सोर्सच्या नावानं शिबिरं होतात, टी-शर्ट वाटले जातात. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला आपल्या भागात रोज लागणाऱ्या एका अडेल प्रिंटरचा ड्रायव्हर घ्यावा, असं मात्र सुचत नाही.

फेडोरा हे लिनक्स टाकल्यापासून व्हिडिओ बघताना लॅपटॉप तापतो. हा याच विषयातला प्रश्न आहे का?

आहे, फक्त कुलूप पेटंटचं. चिपमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींनी दाबलेले व्हिडिओ उलगडणारा भाग असतो. पेटंटच्या भीतीनं फेडोरानं २०२२मध्ये आपल्या ग्राफिक्स पॅकेजांतून तो वापरण्याची सोय काढली, त्यामुळे काम मुख्य प्रोसेसरवर पडतं. आरपीएम फ्यूजन या भांडारातून ती परत घालता येते. एव्ही१ हे २०१८चं व्हिडिओ मानक रॉयल्टीशिवाय वापरता यावं म्हणूनच तयार झालं. नव्या चिपांत ते असतं.

सिक्युअर बूट आणि टीपीएम नावाची सुरक्षा चिप म्हणजे लिनक्सला बाहेर ठेवायचा डाव, असं ऐकलं. खरं का?

अर्धं. मशीन सुरू होताना कोणी मध्येच भलताच कोड घुसवला नाही ना, हे सिक्युअर बूट तपासतं, ही चांगली गोष्ट आहे. मी स्वतः ते चालू ठेवतो. प्रश्न किल्ली कोणाकडे हा आहे.

२०१२मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टनं अट घातली: इंटेल-एएमडीच्या संगणकांवर सिक्युअर बूट हवं, पण मालकाला ते बंद करता आलं पाहिजे. त्याच वेळी एआरएमवरच्या विंडोज आरटी यंत्रांना उलट अट होती: बंद करता येताच कामा नये. एकाच कंपनीचे, एकाच वर्षीचे दोन नियम! जिथे आरडाओरडा होईल तिथे मोकळीक आणि जिथे होणार नाही तिथे कुलूप, असा अर्थ मी त्यातून काढतो. विंडोज १० पासून पहिली सक्तीही गेली; बंद करायची सोय ठेवायची की नाही, हे उत्पादकावर सोडलं.

लिनक्स आज सिक्युअर बूटवर चालतो तो शिम नावाच्या छोट्या प्रोग्रॅममुळे, आणि शिमवर सही असते मायक्रोसॉफ्टची. म्हणजे आपल्या घरात शिरायला आपण शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवतो. शेजारी सज्जन आहे, चिठ्ठी देतो. पण त्या चिठ्ठीमागचं २०११चं प्रमाणपत्र जून २०२६पर्यंतचंच होतं आणि पुढे २०२३चं नवं चालतं. जुन्या बोर्डाला बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचं, अपडेट कधी मिळालंच नसेल, तर नव्या सहीचा शिम तो ओळखत नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करता येणं हाच शेवटचा आधार.

टीपीएमबद्दल थोडक्यात: लिनक्सला त्याची अडचण नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे माझ्याकडे येणारे लॅपटॉप वाढले, इतकंच.

माझ्या फोनमध्येही लिनक्सच आहे म्हणतात. मग तो मला का बदलता येत नाही?

कर्नल लिनक्सचा आहे, पण फोन सुरू करणारा बूटलोडर कंपनीच्या सहीशिवाय काही चालू करत नाही. याला टिवोकरण म्हणतात. टिवो हा अमेरिकेतला टीव्ही रेकॉर्डर. त्यानं लिनक्सचा सोर्स नियमाप्रमाणे दिला, पण बदललेला कोड यंत्रावर चालू दिला नाही. २९ जून २००७ला आलेल्या, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत घरगुती यंत्रांसाठी यावर बंदी घातली. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ती अट पटली नाही. फोन घेताना बूटलोडर उघडू देणारी कंपनी बघणं, एवढंच आपल्या हातात.

बंद मानक कधी उघडलं असं झालंय का?

झालंय, रोजच्या वापरातलं आहे. ३२ जीबीपेक्षा मोठं मेमरी कार्ड एसडीएक्ससी जातीचं असतं. २००९मध्ये ही जात ठरली, तेव्हा कार्डावर फायली ठेवण्याची मांडणी एक्सफॅटच असेल असं ठरवलं गेलं, आणि एक्सफॅट मायक्रोसॉफ्टचं, पेटंटसह. हार्डवेअरच्या मानकाच्या पोटात एका कंपनीचं सॉफ्टवेअर शिवून टाकलं. लग्नाचे फोटो काढून आणायचे आणि लिनक्सवर कार्ड उघडायचं नाही, हा प्रकार कित्येकांनी पाहिलाय. भीती काल्पनिक नव्हती: त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं आधीच्या फॅटच्या पेटंटांवरून रस्ता दाखवणारी यंत्रं बनवणाऱ्या टॉमटॉमला कोर्टात खेचलं होतं आणि टॉमटॉमची यंत्रं लिनक्सवर चालत. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१९मध्ये, मायक्रोसॉफ्टनं एक्सफॅटचं स्पेसिफिकेशन जाहीर केलं आणि लिनक्समध्ये ते घेण्याला पाठिंबा दिला. आज कार्ड लावलं की उघडतं. दहा वर्षं गेली ती गेली.

आणि कधी हरलं?

१९८७मध्ये, दणदणीत. आयबीएमचा १९८१चा पीसी इतका पसरला, कारण त्याची तांत्रिक माहिती छापील पुस्तकात मिळत होती. कोणीही कार्ड बनवत असे. कॉम्पॅकसारख्यांनी नकला काढल्यावर आयबीएमनं पीएस/२ संगणकांत मायक्रो चॅनल ही नवी बस, म्हणजे संगणकात कार्डं जोडायची वाट, आणली. चांगली होती, पण परवाना घ्या आणि आधीच्या पीसींचीही रॉयल्टी द्या, असा सूर. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकच्या पुढाकारानं नऊ कंपन्यांनी ईसा ही जुन्या कार्डांना सांभाळून घेणारी बस जाहीर केली. शेवटी दोन्ही मागे पडून इंटेलची पीसीआय जिंकली. पण आयबीएमच्या हातून पीसीची दोरी सुटली ती तिथेच.

ही गोष्ट सांगताना मी एक सावधगिरी बाळगतो. तेव्हा विरोधात नऊ मोठ्या कंपन्या होत्या. एचडीएमआयच्या विरोधात टीव्ही बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तशा उभ्या नाहीत, कारण त्यांतल्या बहुतेक फोरमच्या आत आहेत.

रिस्क-फाइव्ह आलं की हे सगळं मिटेल ना? आपल्याकडेही चिप बनतायत.

काही मिटेल. रिस्क-फाइव्ह २०१०मध्ये बर्कलीला सुरू झालं. प्रोसेसरच्या आज्ञांची यादी कोणालाही वापरायला मोकळी. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर त्यावर आहेत. केंद्र सरकारनं एप्रिल २०२२मध्ये त्यासाठी डीआयआर-व्ही हा कार्यक्रम जाहीर केला. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात असल्यानं आपण छाती फुगवतो, पण वेगावरचं काम तिरुवनंतपुरमच्या केंद्राचं आहे, त्यांचं श्रेय त्यांना देऊ या.

मात्र आज्ञांची यादी मोकळी म्हणजे चिप मोकळी नव्हे. मुळाक्षरं सगळ्यांची म्हणून त्यांत लिहिलेलं प्रत्येक पत्र सगळ्यांना वाचायला मिळत नाही, तसंच. त्याच चिपवर बसणारा ग्राफिक्सचा भाग, मेमरी कंट्रोलर, वायफाय हे परवान्यावर आणलेले असू शकतात. आणि मागे एचडीएमआयचं भोक असलंच, तर पहिल्या प्रश्नाकडे परत या.

सरकारनं खुली मानकं सक्तीची करावीत, असं काही आहे का?

ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण नोव्हेंबर २०१०चं आहे, ओपन सोर्स स्वीकारण्याचं २०१५चं. दोन्हींचा रोख सरकारी सॉफ्टवेअर आणि माहितीच्या देवाणघेवाणीवर आहे. कार्यालयात येणाऱ्या प्रिंटरची भाषा जाहीर असावी, अशी एक ओळ निविदेत घातली तरी खूप फरक पडेल. निविदेतली ओळ कंपन्या फार काळजीपूर्वक वाचतात.

डेबियन हे लिनक्स तर कट्टर मुक्त होतं. त्यांनीही बंद फर्मवेअर घेतलं, म्हणजे हरलेच की?

२०२२मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरसोबत बंद फर्मवेअर येऊ लागलं. काही जुने मित्र अजून रागावलेले आहेत. मला निर्णय पटला. वायफायच सुरू झालं नाही तर माणूस त्याच संध्याकाळी विंडोजवर परत जातो, आणि दृष्टी अधू असलेल्याला बोलणारा इन्स्टॉलर हवा असेल, तर साउंड कार्डाचं फर्मवेअर आधी लागतं. डेबियननं ते वेगळ्या कप्प्यात ठेवलं आहे, नको असेल तर बंद करता येतं.

विकत घेण्याआधी काय बघू?

लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा लिनक्स, भरलेला पेन ड्राइव्ह खिशात ठेवा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला वापरलेला लॅपटॉप घेताना "जरा यावर चालू करून बघू का?" असं विचारलं तर बरेच दुकानदार हो म्हणतात. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण लावून झोपणं आणि पुन्हा उठणं, एवढं पाच मिनिटांत कळतं. बायोसमध्ये शिरून सिक्युअर बूट बंद करायची सोय आहे का, आणि बायोसला कोणी पासवर्ड तर घातलेला नाही ना, तेही तिथेच बघा. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट हवा. प्रिंटरला नेटवर्क आणि आयपीपी हवं.

यूएसबी वायफाय डोंगलच्या बाबतीत मॉडेलच्या नावावर विसंबू नका. त्याच नावाखाली व्हर्जन १ मध्ये एक चिप आणि व्हर्जन २ मध्ये निराळीच, असं सर्रास होतं. एक लावताक्षणी चालतो, दुसऱ्यासाठी रात्र जाते. व्हर्जन खोक्याच्या बुडाशी बारकोडजवळ बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मला विचारायचं असेल तर त्या बाजूचा फोटो पाठवा, पुढच्या चकचकीत बाजूचा नको.